फाट्यावरचा हृदयरोगतज्ज्ञ

एमडीला कुठली शाखा मिळाली, हे मी घरी सांगितलं नाही. ‘एमडी लागली’ एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. चूक एवढीच. बाकीचं सगळं गावानं केलं.

त्यानंतरच्या रविवारी भोकरदनला एसटीतून उतरलो, गावाकडच्या जीपमध्ये बसलो आणि फाट्यावर येऊन पाहतो, तर तिथं मीच उभा. जीपच्या टपापेक्षा उंच, अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि आहे त्यापेक्षा बराच गोरा. माझ्या डाव्या खांद्याशी एक लालभडक हृदय. त्यातून निघालेली वाकडीतिकडी रेघ फ्लेक्सभर फिरून दुसऱ्या टोकाच्या सरपंचांच्या कानात शिरली होती. खाली अक्षरं: ‘आपल्या गावचे सुपुत्र, हृदयरोगतज्ज्ञ, यांचे हार्दिक अभिनंदन!’ जीपमधल्या शेजारच्या बाईनं एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हा तो नव्हे असं ठरवून पिशवी मांडीवर घेतली.

फ्लेक्स छापणारा माझा शाळेतला दोस्त. भोकरदनला त्याचं दुकान आहे. त्याला तिथूनच फोन लावला.

“अरे, हे काय लिहिलंस?”

“तू सांगितलं न्हाई, मंग मी काय करू? नुसतं एमडी लिवलं तर जागा रिकामी राहून राह्यली. आन् दिलाचं चित्र तयार व्हतं माझ्याकडं.”

“कुठलं?”

“लग्नाच्या फ्लेक्सातलं. बाण काढला त्याचा. बराबर दिसतंय का न्हाई?”

बराबर दिसत होतं, हीच तर अडचण होती. कारण मला लागलेली शाखा होती न्यायवैद्यकशास्त्र. म्हणजे पोस्टमार्टेमचं शास्त्र. माझ्याकडं येणाऱ्या कुणाचंच हृदय चालू असणार नव्हतं.

आता, ही शाखा नाइलाजानं गळ्यात पडली असंही नाही. आवडीनिवडीचा क्रम ऑनलाइन भरायचा असतो, तो बायकोच्या देखत भरला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसऱ्याच्या वहीत डोकावणं तिच्या हाडात आहे.

“अहो, हे चुकून वर आलं का?”

“नाही.”

“पहिलं?”

“पहिलं.”

तिनं माझ्याकडं, वर्गात पहिल्यांदाच गृहपाठ करून आलेल्या पोराकडं पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाली, “दादांना सांगा आधी.”

“सांगतो.”

“कधी?”

“मत राखून ठेवलंय,” मी म्हणालो आणि ती हसली नाही. का हसली नाही ते सांगतो. त्यासाठी गोदाकाठी जावं लागेल.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी होतो. लोकांना वाटतं, पोस्टमार्टेम करणारा डॉक्टर त्यातलं काही खास शिकलेला असतो. माझ्या सासऱ्यांनाही वाटायचं, आणि मी त्यांचा गैरसमज जपून ठेवला होता. खरं असं आहे की एमबीबीएसची डिग्री, नोंदणी, सरकारी नोकरी आणि पोलिसांचं पत्र एवढं असलं की तुम्ही पात्र. एमडी असलात तर उत्तम, नसलात तरी काम अडत नाही. तालुक्याच्या गावी तो एमडी आणायचा कुठून? ट्रॅक्टर चालवायला वेगळं लायसन लागतं. माणूस उघडायला माझं नेहमीचं चाललं.

कॉलेजात ठरावीक पोस्टमार्टेमांना हजर राहणं सक्तीचं होतं. मी हजर होतो. पाहत होतो असं मी म्हणणार नाही. माझ्यापुढं उंच मुलं उभी राहत, आणि ती तिथं उभी राहावीत म्हणून मी खास प्रयत्न करत असे. मृत माणसाच्या शरीराबद्दल मी त्या वर्षी जे शिकलो ते सगळं एका वर्गमित्राच्या कॉलरवर नजर ठेवून.

नोकरीत रुजू झालो त्याच दिवशी वरिष्ठांनी विचारलं, “डिग्री हाय ना?”

“आहे.”

“मंग हो पुढं. जल्दी कर, पावणे बाहेर थांबलेत.”

पुढं म्हणजे पोस्टमार्टेमच्या खोलीच्या दारापर्यंत. आत सुरी चालवायला कामगार असे. मी उंबऱ्यात. ‘फुफ्फुस दाखवा’ म्हटलं की तो फुफ्फुस दाखवी, ‘हृदय’ म्हटलं की हृदय. मी मान डोलावत असे. भाजीवालीसुद्धा वांगं हातात घेऊन, उलटून पाहिल्याशिवाय टोपलीत टाकत नाही. मी मान डोलावून टाकत असे. आणि मरणाचं कारण कळलं नाही की व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, बरणीत घालून प्रयोगशाळेला पाठवायचा आणि खाली लिहायचं: ‘मत राखून ठेवले आहे.’ हे वाक्य मला फार आवडे. त्यात एक रुबाब होता. मत आहे, भरपूर आहे, फक्त राखून ठेवलंय, असं वाटायचं. घरी भाजी कशी झाली विचारलं तरी मी हेच म्हणायचो, आणि बायको हसायची. तेव्हा हसायची.

मग तो माणूस आला. तिशीतला, अंगापिंडानं मजबूत, थोडा ऊस आणि थोडा कापूस असलेला. सकाळी बायकोच्या हातचा चहा पिऊन शेतात गेला, बांधावर बसला, छातीत जळजळ होतेय म्हणाला, घामानं भिजला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपला. पोचवायला आलेले लोक सगळे एकच वाक्य बोलत होते: “चहा प्याला आन् गेला.” पहिल्यांदा ते दुःखानं बोलत होते. दुपारपर्यंत त्यातलं दुःख कमी झालं आणि चहा वाढला.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. हृदय दाखवा म्हणालो. दाखवलं. मान डोलावली. व्हिसेरा पाठवला. मत राखून ठेवलं.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. ते महिने मी मजेत घालवले. त्या माणसाच्या बायकोनं ते माहेरी घालवले, कारण सासरच्यांनी तिला उभं राहू दिलं नाही. पोरगी तिकडंच ठेवून घेतली. बाजारच्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. रडायची नाही. मी बाहेर आलो की उठायची.

“साहेब, आलं का?”

“नाही आलं. आलं की कळवू.”

“तुम्ही तर उघडून बघितलं व्हतं ना?”

“बघितलं होतं. पण मत...”

“राखून ठेवलंय. मागच्या बाजारी सांगितलं तुम्ही.”

अहवाल आला: विष आढळले नाही. मी मोठ्या उत्साहानं तिला सांगितलं. वाटलं, पाया पडेल, मी ‘अहो असू द्या’ म्हणेन. ती म्हणाली, “त्ये मला ठाव व्हतं. मंग गेले कशानं?”

राखून ठेवलेलं मत काढायला गेलो तर कप्पाच रिकामा.

तिचा चुलत सासरा समजूतदार होता. अहवाल ऐकून त्यानं तिला सासरी परत नेलं, पोरगी तिच्या मांडीवर दिली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पुढं एकदा पोरीला खोकला झाला म्हणून ती ओपीडीत आली तेव्हा विचारलं, “आता ठीक ना घरी?”

“ठीकच म्हणायचं. सासू अजून माझ्या हातचा चहा पीत न्हाई.”

“अहवाल आला ना पण?”

“अहवालात विष न्हाई एवढंच हाय. सासू म्हणती, मंग काय हाय ते सांग. धडधाकट माणूस बिनकारणाचा मरत न्हाई. कारण न्हाई तंवर मीच कारण.”

एवढं बोलून ती खोकल्याचं औषध घेऊन गेली. मला त्या दिवशी चहा गेला नाही.

पुढं एका सुट्टीच्या दिवशी मी मेडिकल कॉलेजातल्या न्यायवैद्यकच्या मॅडमना भेटलो. मी विद्यार्थी असताना त्या पुढच्या रांगेशी बोलायच्या, त्यामुळं आमची ओळख नव्हती. त्यांना सगळी हकिगत सांगितली.

“हृदय उघडलंत?” त्यांनी विचारलं.

“हो, म्हणजे, पाहिलं.”

“उघडलंत की पाहिलंत?”

“उघडलेलं पाहिलं.”

“हृदयाच्या रक्तवाहिन्या? आडव्या चिरत गेलात का, थोड्या थोड्या अंतरावर? आत गाठ अडकली आहे का ते पाहिलंत?”

मी त्यांच्या टेबलावरची पेन्सिल सरळ केली.

“हृदयाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासायला पाठवलात?”

मी पेन्सिल पुन्हा वाकडी केली.

“सुरी कुणाच्या हातात होती?”

“कामगाराच्या,” मी म्हणालो. मॅडम रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “लक्षणं ऐकून मला हृदयविकार वाटतो. पण वाटणं लिहून देता येत नाही. ज्यात उत्तर होतं ते तुम्ही तपासलं नाहीत, आणि ज्यात नव्हतं ते बरणीत भरून पाठवलंत.”

एसटीनं परत येताना मी ठरवलं. मी ठरवलेल्या गोष्टी साधारण वाटेतलं वडीगोद्री येईपर्यंत टिकतात. व्यायाम, पहाटे उठणं, गोड बंद. ही टिकली. ओपीडी संपवून पुस्तकं काढायचो. दहा-बारा वर्षांनी लहान पोरांबरोबर परीक्षेला बसलो, केंद्रावर शिपायानं सांगितलं, “पालकांनी बाहेर थांबा.” पहिल्या वेळी गुण असे आले की नापासांनीही सांत्वन केलं. पुन्हा बसलो. दुसऱ्यांदा लागली. सुरी माझ्या हातात हवी, आणि ती कुठं चालवायची ते मला कळलेलं हवं. कोणी माझ्यासमोर उठून उभं राहिलं आणि ‘कशानं?’ विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. इतकं साधं होतं ते.

साधं होतं, तर मग दादांना का सांगितलं नाही?

दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. आम्ही बौद्ध. आमच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. सोडलं म्हणजे नुसतं सोडलं नाही. गावानं रोजगार बंद केला, किराणा बंद केला, आणि आज्या तरीही ओढायला गेला नाही. ही गोष्ट आमच्या घरात दर वर्षी सांगितली जाते. लहानपणी मी ती इतक्या वेळा ऐकली की आज्या चुकून गेला असता तर मीच त्याला अडवलं असतं. आता त्या घरातला पहिला डॉक्टर पहिल्या पसंतीनं मृतांच्या खोलीत जाणार, हे दादांना फोनवर कसं सांगायचं? ते माझ्यासाठी भोकरदनच्या रस्त्यावर गाळा बघून बसले होते. पाटीवर ‘दवाखाना’ एवढं लिहून घेतलं होतं, वरचं नाव आणि पदवी तेवढी बाकी होती.

सत्कार त्याच दिवशी समाजमंदिरात होता. मला फेटा बांधला. तो माझ्या डोक्याला मोठा झाला आणि एका डोळ्यावर उतरला, त्यामुळं मी समारंभाचा अर्धाच भाग पाहिला. सरपंच म्हणाले, “आता आपल्या गावात कुनाचं दिल बंद पडायची हिंमत करनार न्हाई!” टाळ्या. त्यांचं भाषण चालू असतानाच आमचा एक चुलत चुलता मंचावर चढला, सदऱ्याची बटणं सोडली आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

“बघ रं जरा. कालपासून धडधड करून राह्यलं.”

त्याच्यामागं आणखी दोघं उभे राहिले. मग एक आजीबाई. बघता बघता रांग लागली. मी फेट्याखालून एका डोळ्यानं त्या रांगेकडं पाहिलं, रांगेपलीकडं पहिल्या खुर्चीत ताठ बसलेल्या दादांकडं पाहिलं आणि मला कळलं की मी आणखी एक मत राखून ठेवलंय, आणि त्याच्यावर लोक जगायला लागलेत. चुलत्याची नाडी पाहिली, त्याला उद्याच जालन्याला जाऊन हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितलं आणि माइक घेतला.

“मी हृदयाचा डॉक्टर नाही,” मी म्हणालो. “मी पोस्टमार्टेमचा डॉक्टर होणार आहे.”

समाजमंदिर इतकं गप्प झालं की बाहेर ऊन खात बसलेली कोंबडी आत डोकावली. रांग हळूच विरली. आजीबाई जाता जाता पुटपुटली, “मंग माझ्या टायमाला ये बाबा.” फ्लेक्सवाला दोस्त माझ्याकडं न पाहता छताकडं पाहत होता.

दादा बसूनच बोलले. शिक्षक माणूस, माइक लागत नाही.

“तुझ्या आज्यानं काय सोडलं, ठाव हाय ना तुला?”

“ठाव हाय, दादा.”

“त्यानं सोडलं, मी शिकलो, तुला शिकवलं. आन् तू डिग्री घेऊन परत तिथंच?”

मी भाषण पाठ केलं होतं. जीपमध्ये पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही. फेटा काढून हातात घेतला, तेवढंच दोन्ही डोळ्यांनी दिसायला लागलं.

“आज्याला कुनी इचारलं न्हवतं, दादा. त्याच्यावर लादलं व्हतं, म्हनून त्यानं सोडलं. मला इचारलं व्हतं. मी पयला नंबर दिला.” मग त्या बाईची गोष्ट सांगितली. नाव-गाव न सांगता. बांध, चहा, पायरी, सासू. माझा उंबरासुद्धा सांगितला.

आईनं मध्येच विचारलं, “पन घरी आल्यावर हातानं जेवशील का चमच्यानं?” त्यावर लोक हसले, आणि मला श्वास घ्यायला जागा मिळाली.

दादा हसले नाहीत. काठी टेकून उठले. “शिकायचं तर शिक,” म्हणाले. “इद्येचा वास बघायचा नसतो. पन उंबऱ्यात उभा राहून शिकला, तर गावात पाय ठेवू नको.”

आणि दोस्ताकडं वळून: “त्यो दिल काढ फाट्यावरचा.”

“गुरुजी, तिथं आता काय टाकू?”

“काही न्हाई. जागा रिकामी राहू दे. तीन वर्षांनी बघू.”

दवाखाना सोडायच्या दिवशी मी कपाट आवरत होतो, तर ती बाई पोरीला घेऊन आली. पोरीला लस द्यायची होती. लस झाली, पोरगी रडून झाली, आणि मी तिला थांबवलं. मनात वाटत होतं, हिला सांगायला हवं. खरं सांगायचं तर मनात असंही वाटत होतं की ऐकून तिला बरं वाटेल. तिच्यामुळं एक माणूस नोकरी सोडून, टक्कल पडायच्या वयात, पुन्हा बाकावर बसायला निघालाय.

आधी तिला मॅडमचं म्हणणं सांगितलं. हृदयविकारच असावा, पण मी जे तपासायला हवं होतं ते तपासलं नाही, म्हणून लिहून देता येत नाही, पण तिची सासू आली तर मी स्वतः तिच्यासमोर बसून हे सांगेन, आजच, आत्ता.

“ती यायची न्हाई,” बाई म्हणाली. “पन मी सांगते तिला. दिलाचं व्हतं म्हणून.”

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. “मी आता जातोय. तीन वर्षं हेच शिकायला. पोस्टमार्टेम कसं करायचं, कुठं काय बघायचं, सगळं. म्हणजे पुढं कुणाला असं पायरीवर बसावं लागणार नाही.”

तिनं पोरीला कडेवर घेतलं, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात, नेमकी मी उभा राहायचो तशी, वळून उभी राहिली.

“म्हंजी साहेब,” ती म्हणाली, “माझ्या मान्साला शिकल्याबिगरच कापलं व्हय तुम्ही?”